बडबडी गप्प आहे

हॅलो?… हॅलो! ताई? अगं केव्हाची वाट बघतेय तुझ्या फोनची… पोचलीस ना घरी? बरं झालं. बस वेळेवर होती?… हो… हो. अगं ऐक ना आधी माझं…

जेवीन. जेवीन गं. आत्ता भूक नाहीये… हो, बोट बरंय. लगेच गार पाण्याखाली धरलं, फोड वगैरे काही आलेला नाही…

थांब. तुला कुणी सांगितलं माझं बोट भाजलं म्हणून?… कशावरून?… आवाजावरून! मी नुसतं 'हॅलो' म्हटलं आणि त्यातून तुला भाजलेलं बोट ऐकू आलं? धन्य आहेस बाई. डॉक्टर व्हायला हवी होतीस, फोनवरच पेशंट बरे केले असतेस… बरं, राहू दे. बोट आहे जागेवर. ताई, बडबडी गप्प आहे.

बडबडी! माझ्या कॉम्प्युटरवरची गं, पडदा वाचून दाखवते ती! काल तू होतीस म्हणून कॉम्प्युटर लावलाच नव्हता, आणि आज सकाळपासून ती एक अक्षर बोललेली नाही… चालू आहे कॉम्प्युटर. आतला पंखा फिरतोय, हात लावला तर गरम लागतोय, सुरू होताना टुंग वाजतं तेही वाजलं. पण ती नाही. आता पडद्यावर काय चाललंय ते मला कोण सांगणार, भिंत?… नाही गं, स्पीकर नाही बिघडला. टुंग कशातून वाजलं मग?

फोन बोलतो, हो. बोलतोच. म्हणून तर तुझा फोन उचलता आला. पण फोनवर बोट घासून डॉक्टरांचे रिपोर्ट टाईप होतात का?… केलं तेही. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि म्हटलं, वाच. तर म्हणतो, 'खिडकी. बहुधा मांजर.' मांजर! माझ्या घरात!

ताई, आज दोन वाजता परीक्षा आहे माझी. विसरलीस?… नोकरीचीच. हॉस्पिटलच्या रिपोर्ट विभागाची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या फाइली ते पाठवणार, मी ऐकून टाईप करायच्या आणि चारच्या आत परत पाठवायच्या. बिनचूक झाल्या तर कायमची नोकरी, घरी बसून. नाही झाल्या तर… तिथल्या बाई आधीच म्हणाल्यात, 'जमेल ना तुम्हाला? म्हणजे तुमच्या अशा परिस्थितीत?' अशी परिस्थिती! मला दिसत नाही, एवढं साधं वाक्य लोकांच्या तोंडातून निघत नाही. जीभ भाजते त्यांची…

नाही. पुढे ढकला म्हणून मी सांगणार नाही. त्यांना तेच ऐकायचंय. 'बघा, पहिल्याच दिवशी अडचण.' मेले तरी सांगणार नाही.

सगळ्यांना केला फोन! दुरुस्तीवाला म्हणतो, उद्या नक्की. त्याचा उद्या मला माहितीय, त्याला तारीखच नसते. शेजारच्या काकू कामावर गेल्यात. घरमालकांना बोलावलं तर ते आधी भिंतीत किती खिळे ठोकलेत ते बघत फिरतील. म्हणून तू. थोडा वेळ तुझे डोळे दे मला… हो, व्हिडिओवरून. पण आधी एक सांग.

परवा तू कॉम्प्युटरवर बसली होतीस. तिकीट काढायला, माहितीय. तिकीट काढायला सबंध दुपार लागते?… आणि तिचा आवाजही बंद केला होतास. डोकं उठतं म्हणालीस… हो ना. म्हणजे तू काय करतेयस ते मला ऐकूच आलं नाही. काय केलंस तिकिटाशिवाय?

'थोडी आवराआवर.'

थोडी आवराआवर! ताई, तू माझा ओटा आवरलास तेव्हा मी काही बोलले नाही… बोलले? बरं, थोडं बोलले. आज सकाळी चहात मीठ पडलं माझ्या. ते थुंकायला वळले तर बोट लागलं भांड्याला. इतकी वर्षं साखर डावीकडे, मीठ उजवीकडे, आंधळेपणानं हात जायचा… हो, आंधळेपणानंच! आणि तू डबे उंचीप्रमाणे लावलेस. छान दिसतात. कुणाला? आणि वर लेबलं चिकटवलीस! आंधळीच्या डब्यांना लेबलं! छापील! हसू नको. मी हसले नव्हते… बरं, हसले. पण चहा ओतून दिल्यावर.

कॉम्प्युटरवर काय आवरलंस?… जुन्या फाइली. बरं… आणखी?… काय काढलंस? पुन्हा सांग… फ्रेमवर्क. 'एकाच नावाची तीन-चार होती, नुसते पुढचे आकडे वेगळे, म्हणून सगळ्यात नवीन ठेवलं आणि बाकीची काढली.'

ताई. टेबलाला चार पाय असतात. चारही सारखेच दिसतात. म्हणून त्यातला बरा बघून एक ठेवशील आणि तीन कापशील?

नाही गं, नवीन आहे म्हणजे त्यात जुनं आलंच असं नसतं! फ्रेमवर्क म्हणजे… कसं सांगू… प्रोग्राम काही हवेत उभा राहत नाही. खाली बैठक लागते. ज्या बैठकीवर बांधला त्याच बैठकीवर उभा राहतो. बडबडी आमच्या शाळेतल्या सरांनी बांधली, केव्हाच, तेव्हा जी बैठक होती तिच्यावर. सर गेले. आता तिला उचलून नव्या बैठकीवर कोण ठेवणार, तू?

म्हणून तर मी अपडेटला दारात उभं करते! रोज विचारतं, येऊ का आत, येऊ का आत. मी म्हणते, थांब. कामाच्या दिवशी एकही अपडेट घरात नाही. आधी सांग कशाचं आहेस, कुणाला हात लावणार आहेस. मग शाळेतल्या मैत्रिणीला फोन, तुझ्याकडे आलं का, आल्यावर तुझी बोलते का. मग सुट्टीच्या आदल्या दिवशी एकेकाला आत घ्यायचं. एक आलं की विचारायचं, बडबडे, आहेस का? बोलली की पुढचं… म्हण वेडी. भाऊजीही म्हणतात, माहितीय मला. पण या वेडीच्या घरात ती एक दिवस गप्प झाली नव्हती. तू एका दुपारीत तिची दातखीळ बसवलीस.

रडू नको. ए ताई… रडून फ्रेमवर्क परत येत नाही. डोळे पूस, मला ते लागणार आहेत. व्हिडिओ लाव.

दिसतंय?… काय दिसतंय?… पंखा. बरं, म्हणजे फोन उताणा आहे. आता?… हनुवटी. माझी हनुवटी नको बघू, तिला काही झालेलं नाही. आता?… खिडकी? दोरीवरचे कपडे? हो, वाळले असतील. नंतर काढते… कुठली शिवण उसवलीय?… ताई, कपडे राहू देत! थांब, इथे डबा ठेवते, त्याला टेकवून फोन उभा करते. तुझ्याच लेबलाचा डबा, घे, कामाला आला. आता?… सगळा पडदा? चारी कोपरे? छान. हलायचं नाही आता… तुला नाही गं, फोनला सांगतेय.

आता मी बटणं दाबते. कळफलक मला पाठ आहे. तू फक्त समोर येईल ते वाच. वाच म्हणजे वाच, अर्थ सांगू नको… काय उघडलं?… 'काहीतरी सेटिंगचं.' ताई, 'काहीतरी' नको. बडबडी कधी 'काहीतरी' म्हणत नाही. स्वल्पविराम असला तर ती स्वल्पविराम म्हणते. तू नेहमी मला मधलं गाळून सांगतेस. सिनेमाला जायचो तेव्हाही तसंच. 'आता ते दोघं बोलतायत.' अगं बोलतायत ते मला ऐकू येतंय, करतायत काय ते सांग!… तेच ना? मग ते सांगायला काय लाजायचं!

हं. कंट्रोल पॅनेल… प्रोग्राम्स… 'फीचर्स चालू किंवा बंद करा.' तेच, तेच हवंय. आता यादी आली?… सगळ्यात वर काय?… फ्रेमवर्क, आणि आकडा? जुना. समोरचा चौकोन रिकामा आहे ना? तूच रिकामा केलेला. मी स्पेस दाबते… भरला?… मधे काळा ठिपका. बरोबर. आता एंटर.

'आवश्यक फाइली शोधत आहे.' शोध बाई, शोध… हिरवी पट्टी? कुठवर आलीय?… थांबलीय?… चालली. हं. तिच्यावरची नजर काढू नको.

किती वाजले?… एक वाजून गेला! अगं तिला म्हणावं हल जरा…

काय?… कुठली खोली, मागची?… रंग दिलास? कुठला?… फिकट पिवळा. ताई, मला पिवळ्याचं काय करायचंय?… हो, उबदार वाटतो. भाऊजींना वाटू दे… नाही. मी येणार नाहीये. किती वेळा… 'परीक्षा नाही जमली तर' म्हणजे काय?… नाही, तू तसंच म्हणालीस, मी ऐकलं. नाही जमली तर सामान बांधायचं आणि तुझ्या पिवळ्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. सकाळी तू चहा आणून देणार, गोड. संध्याकाळी हात धरून कोपऱ्यापर्यंत नेणार आणि परत आणणार. लोक म्हणणार, काय बहीण आहे! माझ्याबद्दल नाही म्हणणार. तुझ्याबद्दल.

कडू बोलतेय? बोलते. मीठ प्यायलंय सकाळी मी.

हे बघ, ही एकच खोली आहे, नळाला पाणी पिचकारीसारखं येतं, वरचे लोक रात्रभर खुर्च्या ओढतात. पण दाराची कडी मी आतून लावते. कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवते. अपडेटसुद्धा विचारून आत येतं माझ्याकडे. आणि हे टिकायचं तर ही नोकरी हवी, म्हणून आज दोनच्या आत बडबडी हवी. बास. एवढंच आहे सगळं.

…काय झालं? गप्प का झालीस?… लाल? काय लाल?… 'एरर आलाय, होत नाही म्हणतंय.' असं म्हणतंय ते? ह्याच शब्दांत?… मग शब्द वाच ना! 'इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकत नाही. खालील प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.' हं. खालील म्हणजे कुठला?… नाही लिहिलेला? 'खालील' म्हणतंय आणि खाली काही नाही?… धूसर दिसतंय? मघाशी दोरीवरच्या कपड्याची उसवलेली शिवण दिसली तुला, आणि आता धूसर?

बरं. राहू दे. मी शोधते… आपल्या प्रोग्रामांची यादी उघडते. मी ती तारखेप्रमाणेच लावून ठेवते, नवीन पाहुणा सगळ्यात वर. खालचा बाण एकदा दाबला की एक नाव. मी दाबते, तू वाच.

हं, नवीन फ्रेमवर्क. परवाची तारीख. तूच आणलेलं… पुढचं?… पुढचं?… प्रिंटरचं. हं… गाण्यांचं. बरं…

थांब. मागे जाते मी. पुन्हा सांग… नवीन फ्रेमवर्क… हं… प्रिंटर.

ताई, बाण मी दोनदा दाबला. नाव तू एकच वाचलंस.

नाही, चुकून नाही. या बोटांच्या हातून चहात मीठ पडेल, बाण चुकायचा नाही. फ्रेमवर्क आणि प्रिंटर यांच्या मधे काय आहे?

…

ताई?

…

वाच.

…नाव गोड आहे. करतो काय हा प्रोग्राम?… म्हणजे?… नीट बोल, रडत बोललं की मला अर्धंच कळतं… कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून. तुझ्या फोनवर. हं.

आत्तासुद्धा?… परवापासून.

आणि त्यालाच ते नवीन फ्रेमवर्क लागत होतं. म्हणजे बैठक त्याला हवी होती. आधी पाहुण्याला बसवलंस, मग घरचे तुला अडगळ वाटले. आवराआवर म्हणे.

तरीच. तरीच बोट! 'बोट बरंय का.' आवाजावरून! तू बघितलंस. बसमध्ये बसून मी चहा करताना बघितलंस. मी मिठाचा डबा उचलला ते… ते दिसलं तुला? घालताना? आणि गप्प बसलीस?… हो ना, कशी सांगणार! सांगितलं असतंस तर मला कळलं असतं ना बघतेयस ते!… ओरडलीस? बसमध्ये? काय ओरडलीस?… 'अगं मीठ आहे ते'… आणि शेजारी खात बसलेल्या माणसानं जेवणाचा डबा बंद केला स्वतःचा? हसवू नको मला. खबरदार. मी आज हसणार नाहीये.

ताई, एकच खोली आहे माझी. टेबलावरून ओटा दिसतो, पलंग दिसतो, सगळं दिसतं. मी आंघोळीहून टॉवेल गुंडाळून येते… बंद केलंस तेव्हा? बरं. आणि भाऊजी? तुझा फोन तुमच्या हॉलमध्ये पडलेला असतो… ते नाही बघत. नाही बघत, मान्य. पण हे मला कुठून कळणार? तेच तर म्हणतेय! मला दिसत नाही म्हणून मी कुणाला दिसत नाही असं होत नाही! लहानपणी पाहुणे यायचे, बोलता बोलता सगळे एकदम गप्प व्हायचे. मला कळायचं, आता बघतायत. अंगावर माशी बसल्यासारखं व्हायचं. या खोलीत ती माशी नव्हती. म्हणून घेतली होती मी ही खोली.

काळजी! काळजी आहे तर विचारायचं. 'तुझ्या खोलीत डोळा बसवू का?' मी नाही म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं, म्हणून नाही विचारलंस… आई गेल्यावर तूच आहेस मला. मी कुठे नाही म्हणतेय? पण आई दार वाजवायची, ताई. मला काय दिसणार होतं ती आली काय आणि नाही काय, तरी वाजवायची. आणि थांबायची बाहेर, मी 'ये' म्हणेपर्यंत.

…

किती वाजले?… दीड. दीड! भांडू नंतर. भांडायला अख्खा जन्म पडलाय, फाइली दोनला येतायत. नाक पूस आणि ऐक.

तो प्रोग्राम बसून आहे म्हणून जुनी बैठक बसत नाहीये. त्याला उठवायला हवं. आणि उठवायला मला डोळे लागणार. आणि आत्ता डोळे तुझेच आहेत… हो, तूच. कुठलं बटण उजळलंय, काय लिहिलंय, सगळं तूच वाचायचंस. तू 'काढला' म्हणशील आणि मला मानावं लागेल. बडबडी परत बोलेपर्यंत तू सांगशील तेच खरं. तर बघ.

मी त्याच्या नावावर उभी आहे ना?… नक्की? डिलीट दाबते… काय विचारतंय? अक्षर न् अक्षर… 'हा प्रोग्राम खरोखर काढायचा आहे का? काढल्यास आपल्या प्रिय व्यक्तीशी…' काय? वाच पुढे… 'आपल्या प्रिय व्यक्तीशी असलेला संपर्क तुटेल.' अगं त्यात हुंदका कसला, जाहिरात आहे ती! संपर्क तुटेल म्हणे. मग आपण सकाळपासून… आपण आत्ता काय करतोय?

कुठलं बटण उजळलंय?… 'नको.' वाटलंच, त्यांना हवंच असतं तसं. टॅब दाबते. आता?

…

आता कुठलं, ताई?… बोल ना…

…

'हो'वर. बरं. दाबते.

…

काय चाललंय?… गोल फिरतंय. फिरू दे. तोवर त्या डोळ्याकडे बघते मी. कॅमेरा वर असतो ना, मधोमध?… आणखी डावीकडे?… हा? हा एवढासा खळगा? कमाल आहे. रोज फडकं मारते याच्यावरून… थांब, फोनमागच्या डब्याचं लेबल काढते. फोन हलेल जरा… निघत नाहीये गं! चिकटवायचं म्हणजे तू चिकटवतेसच… निघालं. हे कशाचं?… मीठ! बघ, मिठाला शेवटी धड काम मिळालं. हे चिकटवलं त्या डोळ्यावर. बसलं का?… फोनमधून नाही, त्या तुझ्या दुसऱ्या ठिकाणी दिसतं का ते बघ… गेलं तेही? चित्र बंद?… हो, ठेवते ना विश्वास. विश्वासही ठेवते आणि लेबलही ठेवते.

'यशस्वीरीत्या काढला.' असंच लिहिलंय? बरं. चला. पुन्हा फीचर्स… यादी… चौकोन… स्पेस. भरला?… एंटर. शोध बाई, आता तरी शोध… हिरवी?… अर्धी… हळू आवाजात सांग, मोजल्यासारखं नको, धडधडतं… भरली? सगळी? 'बदल पूर्ण झाले. रीस्टार्ट करा.' ताई! झालं!

थांब, थांब, घाई नको. आता दोन ओळी येतील. एक 'अपडेट करून रीस्टार्ट', एक नुसतं 'रीस्टार्ट'. मला नुसतं हवंय. पहिलं दाबलं गेलं तर तासभर 'कृपया थांबा' वाचत बसशील तू. वाच नीट… मी कुठल्यावर आहे?… वरच्या. वरचं कुठलं?… म्हणजे खाली जायला हवं. आता?… नुसतं? पुढे-मागे काही चिकटलेलं नाही?… दाबलं.

काळा झाला? होतोच. घाबरू नको, मला नेहमीच काळा असतो… अगं विनोद केला. हस की. मघाशी बसमधलं सांगून मला हसवत होतीस ना?

…

काय?… नाही, रागावलेय. फार रागावलेय. राग जाणार नाही इतक्यात, तू वाट बघू नको… पण नाव वाचलंस शेवटी. आणि 'हो'वर आहे म्हणालीस. 'नको'वर असताना 'हो' म्हणाली असतीस तर मला काय कळणार होतं?… अजून कळलेलं नाहीच म्हणा. बडबडी उठली की विचारते. ती खोटं बोलत नाही. तेवढी अक्कलच नाही तिला.

टुंग! ऐकलंस? शू… पासवर्ड टाकते… एंटर.

…

…

काहीच नाही.

थांब, तिला वेळ लागतो. सकाळी इतका वेळ गप्प होती, घसा खाकरत असेल… ये गं बाई. बडबडे… ताई, पडद्यावर काय आहे? काही आहे का?… नुसतं चित्र. बरं… किती वाजलेत ते सांगू नको मला…

…

'तयार.' बोलली! ताई, बोलली! ऐकलंस का तू?… अगं तोच, तोच आवाज, पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखा! तुझं डोकं उठतं, मला आत्ता तिचा मुका घ्यावासा वाटतोय… थांब, थांब. यादी. यादी ऐकते आधी. तू बोलू नको.

'फ्रेमवर्क'… खाली… 'प्रिंटर.' वर जाते. 'फ्रेमवर्क.' खाली… 'प्रिंटर.'

मधे काही नाही.

…काही नाही म्हटलं. मधे कुणी नाही. खरंच काढलं होतंस… हं… हं. पूस डोळे. तुझे आहेत आता ते परत, घेऊन जा.

आणि व्हिडिओ बंद कर… केलास? मी दिसत नाही ना आता?… काळं आहे सगळं? छान. आता आपण दोघी सारख्या.

डबे?… नको, सांगू नको कुठला कुठे ते. हुंगून लावीन मी माझे, डावीकडे साखर. पुढच्या वेळी आलीस की फक्त खुर्चीवर बसायचं आणि गप्पा मारायच्या. हात मांडीवर… हो, ये ना. येऊ नको कुठे म्हणाले? दार वाजव आणि ये.

आली! ताई, फाइल आली! 'नवीन संदेश, स्वल्पविराम, रिपोर्ट विभाग'… हो हो, ऐकतेय गं… तुला नाही, तिला. चल, ठेवते मी… हो, जेवीन चारनंतर… नाही, मधे फोन करायचा नाही. संध्याकाळी कर. विचार, कशी झाली. मी सांगीन. जेवढं सांगीन तेवढंच कळेल तुला.

…हो. बोटाचंही.

ठेवते.